'चैन' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

सप्रेम जय भीम.

मागच्या लेखाखाली तुम्ही भलीमोठी प्रतिक्रिया लिहिलीत. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मॅसॅच्युसेट्समध्ये नोकरी, मुलं आणि बर्फ सांभाळून मी ध्यानाला कशी बसते, पंचशील इथे कसं पाळते, एवढंच मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: "गादीवर डोळे मिटून बसणं ही तिकडच्या सुखवस्तू लोकांची चैन आहे, तिला धम्म म्हणू नका." पुढे तीन आक्षेप. विपश्यना ही ध्यानाची पद्धत ब्रह्मदेशातून आणलेली आहे, बाबासाहेबांनी ती सांगितली नव्हती. अमेरिकेत माइंडफुलनेसचा, म्हणजे सावधपणे श्वासाकडे आणि मनाकडे पाहण्याच्या ध्यानाचा, बाजार झाला आहे. आणि इथल्या भारतीयांमधल्या जातीबद्दल मी गप्प आहे. शेवटी, "तुम्ही लोक बावीस प्रतिज्ञा तरी वाचता का, ताई???" तिन्ही प्रश्नचिन्हं तुमचीच आहेत.

आधी त्या प्रश्नचिन्हांबद्दल बोलते. १४ ऑक्टोबर १९५६ ला माझी आजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर होती, माझ्या वडिलांना कडेवर घेऊन. तिला अक्षर येत नव्हतं, पण धम्मदीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीसच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ होत्या आणि आम्हा नातवंडांकडून तिने त्या घोकून घेतल्या. आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासात बाबासाहेबांच्या ग्रंथाचं वाचन व्हायचं, तेव्हा कंदील धरून बसायचं काम माझं असे. वडील गिरणीत होते. मी शिकले, परिचारिका झाले, परदेशी आले. 'तुम्ही लोक' म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर कोण होतं ते मला ठाऊक नाही. माझं आडनाव या पानावर नाही, म्हणून तुम्ही ते मनानेच ठरवून टाकलंत. ज्या माणसाला जात पाहून बोलणाऱ्यांचा राग आहे, त्याने अनोळखी बाईशी हे करावं याचं मला खरंच वाईट वाटलं.

आणि प्रतिज्ञांचा विषय काढलाच आहे, तर अकरावी काढून पाहा. बुद्धाने सांगितलेल्या अष्टांगिक मार्गाचं पालन करीन, अशी ती आहे. त्या आठ अंगांतलं सातवं सम्यक स्मृती, म्हणजे सावध जाणीव, आणि आठवं सम्यक समाधी, म्हणजे मनाची एकाग्रता. ही दोन अंगं गाळून सहाचा मार्ग करा असं बाबासाहेबांनी कुठेही म्हटलेलं नाही. मी रोज बसते ती त्या दोन अंगांसाठी बसते.

आता 'चैन'. या एका शब्दाने मला दोन रात्री झोप लागली नाही, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिणार आहे.

माझ्या घरापासून लोवेल हे जुनं गिरण्यांचं गाव फार लांब नाही. कंबोडियातल्या ख्मेर रूजच्या राजवटीतून, म्हणजे १९७५ ते १९७९ च्या त्या संहारातून वाचलेली कंबोडियन कुटुंबं १९८० च्या दशकात तिथे मोठ्या संख्येने आली. त्या राजवटीने भिक्खूंची चीवरं उतरवली होती, कित्येकांना मारलं होतं. या लोकांनी हाताला मिळेल ते काम करत इथे पुन्हा विहारं उभी केली. सणाच्या दिवशी तिथे पांढरी वस्त्रं नेसलेल्या म्हाताऱ्या भिंतीला टेकून तासन् तास डोळे मिटून बसतात. त्यातल्या एकीने मला खुणेनेच सांगितलं होतं की तिची चार मुलं गेली. तिला जाऊन सांगा, बाई, ही तुझी चैन आहे.

वुस्टरला मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली ध्यानाचा अभ्यासक्रम सुरू केला. तुम्ही ज्या माइंडफुलनेसला नावं ठेवता, तिचा इथल्या दवाखान्यांतला उगम तो. सुरुवातीला तिथे पाठवलेले रुग्ण जुनाट दुखण्यांचे होते, ज्यांच्यासाठी डॉक्टरांकडे फारसं काही उरलं नव्हतं. बौद्ध शब्द कबाट-झिन यांनी मुद्दाम बाजूला ठेवले. ते मला स्वतःला पटत नाही आणि मी तसं पूर्वी लिहिलंही आहे. पण पाठीच्या कण्यातली कळ घेऊन जमिनीवर आडवा पडून श्वास पाहणारा कामगार चैन करत नसतो. असे रुग्ण मी रोज हाताळते.

अलाबामातल्या डोनाल्डसन तुरुंगात २००२ साली दहा दिवसांचं विपश्यना शिबिर झालं. कडेकोट बंदोबस्ताचा तुरुंग, त्यात जन्मठेपेचे कैदी. तेही सुखवस्तूच का?

मॅसॅच्युसेट्समधल्याच शेलबर्न फॉल्सचं विपश्यना केंद्र १९८२ पासून आहे, ब्रह्मदेशात ही पद्धत शिकून ती जगभर शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींच्या परंपरेतलं उत्तर अमेरिकेतलं पहिलं. तिथे राहण्याजेवणाचे पैसे घेत नाहीत, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. पहाटे चारला घंटा होते. मी तिथल्या स्वयंपाकघरात सेवा दिली आहे. माझ्या शेजारी कांदे चिरणारी बाई शाळेची बस चालवायची. सुट्टी बिनपगारी घेऊन आली होती.

आणि माझं म्हणाल तर मी रात्रपाळी करते. सकाळी घरी येऊन मुलांचे डबे भरते, त्यांना बसवर सोडते आणि मग झोपायच्या आधी बसते. तळघरातल्या वॉशिंग मशीनजवळ, कारण घरात तेवढीच जागा शांत असते. हिवाळ्यात इथल्या लाकडी घरांत उंदीर शिरतात. घरमालक चिकट पट्ट्या ठेवतो, त्यावर उंदीर दिवसभर तडफडत मरतो. जीव न घेण्याचं पहिलं शील घेतलेल्या माणसाने काय करायचं? मी भांडी घासायच्या तारेचे बोळे फटींत कोंबते आणि पिंजऱ्यात सापडलेला उंदीर रानात सोडून येते. वॉर्डात रक्ताच्या नमुन्यावर भलत्याच रुग्णाची चिठ्ठी लागते, वरिष्ठ विचारतात कुणी लावली, समोर मैत्रीण उभी असते, तेव्हा खोटं न बोलण्याचं चौथं शील किती जड असतं ते मला विचारा. निरोपसमारंभात सगळ्यांच्या हातात वाइन असते आणि माझ्या हातातलं पाणी पाहून दर वेळी कुणीतरी आजारी आहेस का म्हणून विचारतं. हे सगळं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुम्हाला त्यातली फक्त गादी दिसली.

एक गोष्ट मात्र मान्य करते. इथल्या काही ध्यानकेंद्रांत एका आठवड्याला जी रक्कम मागतात ती माझ्यासारखीला न परवडणारी असते आणि तिथे जमणारे बहुतेक गोरे आणि पैसेवाले असतात. अशाच एका गटात मला एका गृहस्थाने कौतुकाने विचारलं होतं, "तुम्हाला बौद्ध धम्माचा शोध कधी लागला?" मी म्हटलं, आजीच्या मांडीवर. बाजाराबद्दलचा तुमचा आक्षेप तेवढ्यापुरता बरोबर आहे. त्यापलीकडे तो माझ्या लेखाला लागू होत नाही.

ब्रह्मदेशाबद्दल दोनच वाक्यं. गोएंका भारतात शिकवायला आले ते १९६९ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर तेरा वर्षांनी, तेव्हा बाबासाहेबांनी ती पद्धत सांगितली नाही हा आक्षेपच होऊ शकत नाही. आणि 'ब्रह्मदेशातून आलेलं' म्हणून नाक मुरडण्याआधी हे लक्षात घ्या की दीक्षाभूमीवर बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील देणारे भन्ते चंद्रमणी हे मूळचे ब्रह्मदेशातल्या आराकानचे होते.

जातीबद्दल मी काय लिहायचं आणि कधी लिहायचं ते मी ठरवीन. जे भोगलं आहे ते तुमच्या मागणीवरून चव्हाट्यावर मांडायला मी बांधील नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहायचं असेल तर अवश्य लिहा, पण 'तुम्ही लोक' वगळून लिहा आणि आधी मागचा लेख शेवटपर्यंत वाचा. सम्यक समाधीचं तुमच्या मते काय करायचं, याचं उत्तर त्यात असलं तर मी ते वर, लेखाच्या लगेच खाली लावीन.