रोज ॲस्पिरिनवाल्या मेसेजबद्दल खुलासा

"साठीनंतर सगळ्यांनी रोज एक ॲस्पिरिन घ्या, हार्ट अटॅक येणार नाही" हा मेसेज फिरतोय, मीपण पुढे पाठवला होता, ते चुकलं. २०१८ मध्ये ॲस्प्री ट्रायलचे (वयस्कर लोकांवर ॲस्पिरिनची केलेली मोठी चाचणी) रिझल्ट आलेत, १९,००० हून जास्त निरोगी वयस्कर माणसं, बहुतेक सत्तरीपुढची, निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, आणि जवळपास पावणेपाच वर्षांनंतरही हार्टच्या त्रासात म्हणावा असा फरक नाही, उलट पोटातला, मेंदूतला मोठा रक्तस्राव मात्र वाढला. पण ज्यांना अटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट आहे त्यांचं वेगळं, त्यांनी हे वाचून गोळी स्वतःहून बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला प्लीज. जुना मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा टाका.