स्पीकरचं चुंबक स्पीकरातच राहू द्या

‘एबीएसचा दिवा लागलाय? गॅरेजवाल्याला पैसे घालू नका’ असा मेसेज आमच्या खानापूरच्या दाजींना आला. (एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा.) नुसता वाचून सोडला असता तर मी गप्प बसलो असतो. दाजींनी करून बघितलं. मग जांबोटीवरून चोर्ला घाट उतरायचा बेत. जुलैत, ताई आणि पोरांसकट. बरं झालं, आदल्या दिवशी गाडी बेळगावच्या उद्यमबागेत माझ्याकडं दाखवायला आणली.

मेसेज म्हणतो, चाकाचा वेग मोजणारा सेन्सर मल्टीमीटरनं तपासा, हजार-दोन हजार ओम आले तर चांगला. अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करतो. आत कॉइल असलेल्या जुन्या सेन्सरला हे चालतं. पण कॉइल तुटलेली नाही एवढंच त्यातनं कळतं. चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी रिंगचा दात उडालाय का, ते नाही. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत सेन्सर चिपचा असतो. बॉशच्या माहितीपत्रकातच लिहिलंय: करंट ७ मिलिअँपिअर नाहीतर १४, चाक फिरलं की या दोन्हींत उड्या. तो सोडवून ओम काय मोजता? मीटरनं चिप जायची एखादवेळेस.

पुढचं ऐका. सेन्सर ‘कमजोर’ असेल तर स्पीकरचं चुंबक बेअरिंगवरून फिरवून तो ‘चार्ज’ करायचा! दाजींनी तेच केलं. अहो, अशा चिपवाल्या सेन्सरसाठी बऱ्याच बेअरिंगच्या सीलमध्येच उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण असे बारीक ध्रुव गोलाकार भरलेले असतात. सेन्सर तेच मोजतो. कॅसेटवर चुंबक घासून गाणं सुधारतं का?

गाडी जॅकवर घेतली, इग्निशन ऑन केलं. प्लग न काढता मागून बारीक पिन घालून सिग्नलची लाट दाखवणारा ऑसिलोस्कोप जोडला आणि मागचं डावं चाक हातानं फिरवलं. चौकोनी लाट नीट चाललेली, आणि एका जागी दोन खुंट्या गायब. टायरवर खडूनं रेघ मारली. रेघ वर आली की खाच, दर फेरीला. बाकी तिन्ही चाकांच्या लाटा कंगव्यासारख्या सरळ. गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणाऱ्या स्कॅनरवर मात्र चारही वेग सारखे. एवढी बारीक खाच त्याच्या आकड्यांत सापडत नाही. आधी मुळात काय बिघडलं होतं ते आता देव जाणे, चुंबकानं पुरावाच पुसला. बेअरिंग नवं घातलं. (ध्रुवांची बाजू सेन्सरकडंच यायला पाहिजे. उलटं ठोकणारेही आहेत आपल्याकडं.)

चारही सेन्सर एकदम बदला म्हणे. पैसे वाचवायचा मेसेज ना हा?

आणि शेवटी, एबीएसचा फ्यूज काढा, ब्रेक जास्त चांगले लागतात. सुट्या खडीवर एबीएसची गाडी थोडी लांब थांबते, खरंय. पण फ्यूजबरोबर पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी करणारं ईबीडीही जातं. ओल्या उतारावर मागची चाकं आधी जाम झाली की गाडीची शेपटी दरीकडं. एप्रिल २०१९पासून सगळ्या नव्या प्रवासी गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं ते काय दिव्याच्या शोभेसाठी?

“दाजी, फ्यूज कुठाय?” गाडी तपासायच्या आधीच विचारलं होतं, तर खिशातनं सुट्ट्या पैशांबरोबर निघाला. तो बसवूनच सेन्सर तपासला. मेसेज त्यांनी आणखी तिघांना पाठवलाय. त्यातला एक चोर्ल्यातनं रोज भाजी नेणारा टेम्पोवाला. त्याचा नंबर घेऊन ठेवलाय.