निवाऱ्याच्या यादीत आपलं गाव नाही, म्हणून निश्चिंत?

दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसले. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय अशी बातमी आली आणि आमच्या माणगावच्या (रायगडातलं, किनाऱ्यापासून आत) गटावर कुणीतरी एक यादी टाकली. वादळ आलंच तर किनाऱ्यावरच्या कुठल्या गावाने कुठल्या निवाऱ्यात जायचं, त्याची. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडची गावं. खाली एका काकांनी लिहिलं, "आपलं नाव नाही. म्हणजे आपल्याला टेन्शन नाही." त्यावर धडाधड अंगठे. 2020 मध्ये ज्यांचे पत्रे शेजारच्या आवाडात जाऊन पडले होते, त्यांचेसुद्धा!

इतक्यात विसरलो आपण? 3 जून 2020. निसर्ग वादळ दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं, ताशी 110-120 किलोमीटरचा वारा घेऊन. किनाऱ्यावर थांबलं का ते? म्हसळा, तळा, माणगाव, रोहा झोडपत घाट चढून पुणे जिल्ह्यात गेलं. तिथे खेड तालुक्यात भिंत कोसळून माणूस दगावलं. खेडला कुठून आला समुद्र?

माझी मामी तळा तालुक्यातल्या एका वाडीत राहते. त्या दिवशी घरात ती आणि माझी आजी, दोघीच. मामा टाळेबंदीमुळे मुंबईत अडकलेला. सकाळी पाऊस होता, वारा होता, पण मामी म्हणते, "मला वाटलं मिरगाच्या आधी येतो तसा आलाय." दुपारी आधी कौलं एकेक करून उडायला लागली. मग मागची अख्खी पाखी वाशांसकट गेली. आजीला धड चालता येत नव्हतं. मामीने तिला उचलून न्हाणीघरात नेलं, कारण घरात स्लॅब होता तो तेवढाच, वर टाकी ठेवायला घातलेला. अंगावर गोधडी घेऊन दोघी संध्याकाळपर्यंत तिथे बसून. बाहेर फणस पडला, गोठा पडला. मामी आजीला सांगत राहिली, "काही नाही हो सासूबाई, जाईल आता." तिला स्वतःला काहीच ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं.

किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना आदल्या दिवसापासून हलवलं होतं, आणि ते योग्यच होतं. समुद्राचं पाणी घरात शिरलं तर माणूस वाचत नाही, तिथे आधी जायलाच हवं, मान्य. पण म्हणून आत राहणाऱ्याला साधं सांगायचंही नाही?

आणि सांगण्यासारखं असतं बरं का. हवामान खातं चक्रीवादळाचे इशारे चार टप्प्यांत देतं. चौथा टप्पा वादळ धडकण्याच्या किमान 12 तास आधी येतो, आणि त्यात वादळ जमिनीवर आल्यावर कुठल्या दिशेने जाईल, आतल्या भागात काय होऊ शकेल, हेच लिहिलेलं असतं. म्हणजे आपल्यासाठीचा इशारा आहे! तो वाडीपर्यंत येत नाही, एवढंच. 12 तासांत काय नाही होत? पाणी भरून होतं, पत्र्यांवर दोर टाकून होतो, गुरांची दावी सोडून होतात. एका म्हातारीला पक्क्या घरात नेऊन बसवता येतं.

पक्क्या घरावरून आठवलं आणि पुन्हा संताप आला. मामीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर स्लॅबचा बंगला आहे. दोन मजली, गच्चीसकट. मालक ठाण्याला. त्या दिवशी बंगल्याला कुलूप आणि किल्ली ठाण्यात. वादळानंतर त्या बंगल्याची एक काच फुटली होती, बस. मालक चांगला माणूस आहे, त्याला दोष देत नाही. फोन लागला असता तर "कुलूप तोडा" म्हणाला असता. पण रेंज सकाळीच गेली होती. आपल्या कोकणातल्या कुठल्या वाडीत असा बंद बंगला नाही, सांगा मला.

लोक म्हणतात, शाळा आहे ना. अहो, कित्येक वाड्यांतल्या शाळांवर पत्रेच आहेत. मामीच्या वाडीतल्या शाळेचे त्याच दुपारी उडाले. तिथे माणसं जाऊन बसली असती तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो.

पाण्याने घ्यायची गावं आणि वाऱ्याने घ्यायची गावं एकच असतात असं धरून आपण चाललोय. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर ए, बी, सी असे पट्टे आखलेले आहेत, कुठल्या पट्ट्याने आधी निघायचं ते ठरलेलं. हे पट्टे समुद्राच्या पाण्यासाठी. सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन नावाचं वादळ तिथे धडकलं आणि सगळ्यात जास्त माणसं गेली ती शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलिनात. तिथल्या डोंगरातल्या गावांत नद्या फुगल्या, दरडी आल्या. ॲशविल शहरात नळाला पिण्याजोगं पाणी यायला नोव्हेंबरचा मध्य उलटला. एवढ्या श्रीमंत देशात! आणि डोंगरांचं म्हणाल तर आपल्याला काय नवीन आहे. 2021 मध्ये दरडीखाली गेलेलं महाड तालुक्यातलं तळिये इथून किती लांब आहे?

निसर्गनंतर आपल्याकडेही वारा एका दुपारचा होता, हाल पुढे महिनाभर होते. खांब आडवे, डीपी जळलेली, कित्येक गावांत महिना उलटला तरी वीज नाही. वीज नाही म्हणून नळपाणी योजना बंद. मामीने विहिरीवर रहाट बांधून घेतला आणि अर्ध्या वाडीने तिथून पाणी भरलं. अलिबागेत केंद्राच्या चक्रीवादळ प्रकल्पातून वीजवाहिन्या जमिनीखाली घालायचं काम हाती घेतलं गेलं. चांगलं झालं. आम्हाला भूमिगत तारा नकोत, तेवढा पैसा नाही, तेही समजतं. पण तारांवर टेकलेली झाडं मे महिन्यात छाटायला किती पैसा लागतो?

कुणी म्हणेल, दरवेळी वादळ येतंच असं नाही, उगाच लोकांना घाबरवू नये. बरोबर आहे, 2021 चं तौक्ते किनाऱ्याला लागून वर गुजरातला गेलं. मग काय बिघडलं? पाणी भरून ठेवलं होतं ते वापरलं गेलं.

आजी आता नाही. ती शेवटपर्यंत वारा सुटला की न्हाणीघराकडे बघायची. मामी अजून त्याच घरात आहे. आता सिमेंटचे पत्रे आहेत, हुक मारून घेतलेत, पण वेधशाळेचं नाव काढलं की तिचा आवाज बदलतो. आज तिला फोन केला तर म्हणाली, "तुमच्या गटावर काय आलंय ते मला वाचून दाखव." मी यादी वाचली. तिने विचारलं, "आमचं नाही का नाव?" त्या काकांनी हाच प्रश्न विचारला असता तर मला एवढा राग आला नसता.

तर आता कामाचं. कुणाची वाट न बघता प्रत्येक वाडीची यादी आपणच करायची. स्लॅबची घरं कुठली, अंथरुणाला खिळलेलं कोण, दिवस भरत आलेली बाई कुठे, डायलिसिसला कोण जातं, रहाट असलेली विहीर कुठली. आशाताई आणि पोलीस पाटलांना यातलं निम्मं तोंडपाठ असतं, त्यांच्याजवळ बसून लिहून काढायचं. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा 1077 नंबर दारामागे लिहून ठेवायचा.

आणि मुंबई, ठाणे, पुण्यात असलेल्या माझ्या गाववाल्यांनो, तुमचे बंगले बंद आहेत. या आठवड्यात येणाऱ्या कुणाकडेही एक किल्ली पाठवा, पोलीस पाटलाकडे पाकिटात नाव घालून राहील. ज्यांना चालणार आहे त्यांनी खाली वाडीचं नाव लिहा, बाकीचं मी फोनवर बोलते.