संकट ही शिक्षा असते का? एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, सलाम.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. काल दिवसभर कामात होतो, पण ती डोक्यातून गेली नाही. दोन ओळींत उत्तर देण्यासारखी ती नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की संकट आलं की आधी गुडघे टेकून देवाची क्षमा मागावी, त्याची दया मोठी आहे. त्यावर ताईंनी विचारलं, ‘माझ्या यजमानांना कॅन्सर निघून सहा महिने झाले. क्षमा कशाची मागू? आमच्या कुठल्या पापाचं हे फळ, ते तरी सांगा. बायबलमधल्या दावीद राजाचं बाळ त्याच्या पापामुळे गेलं, हेही लोक मला ऐकवून गेलेत. आणि ज्या भागीदाराने यांना बुडवलं तो दर रविवारी पहिल्या बाकावर बसतो. त्याने क्षमा मागितली की तोही मोकळा?’ शेवटी त्यांनी लिहिलंय, ‘प्रार्थना करतो एवढं लिहून हात झटकू नका.’

ताई, ते वाक्य माझं चुकलं. लेखातून मी ते काढलंय. संकट आणि क्षमा हे दोन शब्द मी एका ओळीत असे बसवले की वाचणाऱ्याला एक कारण आणि दुसरा उपाय वाटावा. कॅन्सरच्या माणसाजवळ बसलेल्या बाईने ती ओळ वाचली तर तिला काय वाटेल, याचा विचार मी लिहिताना केला नाही. मला माफ करा.

प्रभू येशूने हा हिशेब स्वतःच मोडून काढलाय. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली, तेव्हा त्याने लोकांना विचारलं, यरुशलेमात राहणाऱ्या बाकी सगळ्यांपेक्षा हे जास्त पापी होते असं वाटतं का तुम्हाला? आणि स्वतःच उत्तर दिलं, नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? त्याने दोन्ही नाकारली. आपल्या नागपुरातलंच बघा. स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी १८४५ साली इथे आले, शाळा काढली, गोंड लोकांच्या कथा-गाणी टिपून ठेवली, आणि १८६३ साली टाकळघाटहून परतताना नाल्याच्या पाण्यात बुडून गेले. पंचेचाळिशीचा माणूस. हिस्लॉप कॉलेजच्या नावामुळे रोज आपल्या तोंडी त्यांचं नाव येतं. त्यांनी काय पाप केलं म्हणून नाल्याला पूर आला, असं कुणी विचारत नाही. मग तुमच्याच घरात येऊन का विचारावं?

दाविदाचं बाळ गेलं, ही गोष्ट मात्र मला सोपी करून सांगता येत नाही. मलाही ती वाचताना दरवेळी टोचते. पण दाविदाला त्याचं पाप सांगायला देवाने नाथान संदेष्ट्याला पाठवलं होतं. तुमच्या घरी फळांची पिशवी घेऊन येणाऱ्यांना कुणी पाठवलेलं नाही. मलाही नाही.

आता मी ते वाक्य का लिहिलं, ते सांगणं भाग आहे. ते माझ्या स्वतःच्या गोष्टीतून आलं होतं, आणि अर्धवट आलं होतं.

काही वर्षांपूर्वी मी चर्चच्या एका मंडळीचा खजिनदार होतो. गरजूंसाठीचा निधी माझ्या हाती असायचा. मुलीच्या अॅडमिशनला अडतीस हजार कमी पडले, ते मी त्यातून उचलले. पुढे हप्त्याहप्त्याने टाकू, असं मनाला समजावलं. वहीत मात्र ती रक्कम वाटप झाल्याचं लिहिलं. त्याच महिन्यात मंडळीतली एक विधवा बाई शिलाई मशीनसाठी अर्ज घेऊन आली. कापडी पिशवीतून तिने अर्ज काढला, घडी सरळ केली आणि माझ्यापुढे ठेवला. मी म्हणालो, ‘निधी संपलाय बाई, पुढच्या वर्षी बघू.’ तिने अर्जाची पुन्हा तशीच घडी घातली.

पुढच्या मे महिन्यात हिचं, म्हणजे माझ्या बायकोचं, मोठं ऑपरेशन झालं आणि नंतर ताप उतरेना. धंतोलीतल्या एका रुग्णालयाच्या जिन्यावर मी रात्र रात्र बसायचो. बाहेर रात्रीसुद्धा झळा, आणि माझ्या डोक्यात एकच, हे त्या अडतीस हजारांचं आहे. देवा, हिला सोड, मला धर. चौथ्या दिवशी आमचे म्हातारे पाळकसाहेब आले. चहाच्या टपरीवर त्यांना सगळं सांगून टाकलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘भाऊ, तुझं कर्ज देव तुझ्या बायकोच्या अंगातून वसूल करत असेल, तर तो सावकार झाला, बाप कुठला? तिच्या तापाचा अन् तुझ्या वहीचा संबंध लावू नको. पण वही उघडावी लागेल. ती बरी होवो, न होवो.’

ताई, त्या टपरीवर मला क्षमा कळली. ही बरी व्हायच्या आधी. येशूच्या दाखल्यातला, घर सोडून गेलेला धाकटा मुलगा परत येताना अजून दूर होता तेव्हाच बाप धावत सुटला, हे वाचन मी चर्चमध्ये किती वेळा केलं असेल. त्या रात्री ते माझ्यापर्यंत पोचलं. ही पुढे बरी झाली, पण तो वेगळा भाग आहे. एकामुळे दुसरं घडलं असं मी म्हणणार नाही, आणि मागच्या लेखात नेमकं तेच म्हटल्यासारखं झालं.

मी कमिटीपुढे वही ठेवली, पद सोडलं, पैसे भरले. मग मशीन घेऊन त्या बाईच्या दारी गेलो. तिने पाणी दिलं. म्हणाली, ‘मशीन तवा पायजे होती भाऊ.’ मशीन ठेवून घेतली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आजवर नाही. तिने ते म्हणावं, असं मागण्याचा मला हक्क नाही. देवाने आधी जवळ घेतलं म्हणून तिच्या दारापर्यंत पाय उचलले, इतकं मात्र मी सांगू शकतो.

यातच तुमच्या भागीदाराचंही उत्तर आहे. होय, देव त्यालाही क्षमा करू शकतो. मला केली, मग त्याला नाही असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा, असं प्रभूने सांगितलंय. जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं, तेही भर लोकांत. पहिल्या बाकावरून तुमच्या दारापर्यंतचा रस्ता त्या गृहस्थाला चालावाच लागेल. तोवर तुम्ही त्याच्याशी हसून बोला, असं तुम्हाला कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

मग तुम्ही काय मागायचं? दया मागा. यरीहोच्या रस्त्यावर बसलेला आंधळा बार्तीमय ओरडला, दाविदाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर. त्याने कुठलं पाप कबूल केलं नाही. त्याला दिसायला हवं होतं. लोक त्याला गप्प बस म्हणाले, तो आणखी मोठ्याने ओरडला. आणि प्रभू थांबला. तुमची प्रतिक्रिया मी दुसऱ्यांदा वाचली तेव्हा मला त्याचीच हाक आठवली. ती हाक ऐकणारा आहे, यावर माझा पूर्ण भरवसा आहे. तुमचा आज नसेल तर माझ्या भरवशावर थोडे दिवस काढा.

प्रार्थना तर आम्ही दोघं करतोच आहोत. पण यजमानांच्या पुढच्या केमोची तारीख आणि जागा मला ईमेलवर कळवा. त्या दिवशी दोन्ही वेळचा डबा आमच्याकडून येईल. ही विचारतेय, त्यांना तिखट अजिबात चालत नाही का, आणि भात मऊ लागतो का, तेवढंही लिहा.