बियाणं कुणी जपायचं? लेस्टरच्या वाफ्यावरून

केंद्र सरकारने २०२५ च्या नोव्हेंबरात बियाणे विधेयकाचा मसुदा लोकांच्या हरकती-सूचनांसाठी खुला केला आणि आमच्या रायगडातल्या नातलगांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात दोन तट पडले. चुलतभाऊ कृषी सेवा केंद्र चालवतो. त्याचं म्हणणं, १९६६ चा कायदा आता पुरा पडत नाही, बोगस बियाणं विकणाऱ्याला जरब बसलीच पाहिजे. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून राज्यभर तक्रारींचा ढीग लागला होता, तेव्हा दुबार पेरणीचा खर्च कुणी सोसला, असं तो विचारतो. पुण्यातली मामेबहीण म्हणते, हा सगळा कंपन्यांच्या सोयीचा मामला आहे, गावरान वाण संपतील, शेतकऱ्यांनी हायब्रीड सोडून जुन्या बियाण्याकडे वळावं.

मी इंग्लंडात, लेस्टरला राहते. घरामागच्या बागेत आणि पालिकेकडून वर्षाच्या भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर, म्हणजे अलॉटमेंटवर, जुन्या वाणांच्या भाज्या बियांपासून वाढवते. मला दोघांचंही अर्धंच पटतं. या देशात जुन्या बियाण्याचं काय झालं ते जवळून पाहिल्यामुळे तसं होतं.

युरोपात १९७० साली भाजीपाला बियाण्याच्या विक्रीचे समान नियम झाले आणि १९७३ मध्ये ब्रिटन तिथल्या समाईक बाजारात सामील झाला. नियम असा, की अधिकृत यादीत नोंद असलेल्या वाणाचंच बी विकता येईल. नोंद हवी तर वाण इतरांहून वेगळं हवं, सगळी रोपं एकसारखी हवीत आणि पिढ्यानपिढ्या तशीच राहायला हवीत. त्याच्या चाचण्या आणि शुल्क वेगळं. हेतू वाईट नव्हता. शेतकऱ्याच्या हाती खात्रीचं बी पडावं, हाच होता. माझ्या चुलतभावाचं जे म्हणणं, तेच. पण एखाद्या खेड्यात चार घरी लावल्या जाणाऱ्या वाटाण्यासाठी ते शुल्क कोण भरणार? एकाच वाटाण्याची रोपं थोडी उंच, थोडी बुटकी, कुठे लवकर तर कुठे उशिरा शेंगा धरणारी, हा तर जुन्या वाणाचा स्वभावच. बियाणं विकणाऱ्यांच्या सूचीपत्रांतून अशी नावं एकामागून एक गळत गेली.

त्यावर तोड काढली ती बागकाम करणाऱ्यांनी. कोव्हेंट्रीजवळ रायटन इथे गार्डन ऑरगॅनिक या संस्थेची हेरिटेज सीड लायब्ररी, म्हणजे जुन्या बियाण्याचं ग्रंथालय, आहे. तिची सुरुवात १९७५ ची. तिथे सुमारे ८०० वाण आहेत, पण त्यांचं बी विकत नाहीत. वर्गणी भरून सभासद व्हायचं आणि वर्षातून यादीतली काही मोजकी पाकिटं निवडायची. देशभरचे स्वयंसेवक आपापल्या बागेत एकेक वाण लावतात, त्याचं बी धरतात आणि ग्रंथालयाला परत करतात. त्यांना सीड गार्डियन म्हणतात. लाल फुलांचा एक ब्रॉड बीन (इथली एक शेंगभाजी) आहे, रंग असा की शेजारचे थांबून विचारतात. १९७८ साली केंट परगण्यातल्या एका वृद्ध बाईंनी आपल्या घरी जपलेलं त्याचं मूठभर बी संस्थेकडे पाठवलं होतं. ते पाठवलं नसतं तर तो वाण त्यांच्याबरोबरच गेला असता. पुढे नियम सैल झाले. हौशी बागकामाच्या वाणांना आता कमी खर्चाची सोपी नोंदणी आहे, अट एवढीच की पाकिटं लहान हवीत.

या स्वयंसेवकांबद्दल मला मनापासून आदर आहे. टोमॅटोचा गर बियांसकट दोन-तीन दिवस आंबवायचा, धुवायचा, सावलीत वाळवायचा. लाल भोपळ्याच्या जातीचं फूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी बांधून ठेवायचं, सकाळी हाताने परागीभवन करायचं आणि पुन्हा बांधायचं, नाहीतर मधमाशी शेजारच्या वाफ्यातला पराग आणून घालते. ब्रॉड बीनचे दोन वाण जवळजवळ लावायचेच नाहीत. हे काम कुणी पैशासाठी करत नाही. पण यात जे हरवलं तेही बोललं पाहिजे. कधीकाळी शेतकऱ्याच्या बाजारात हिंडणारं बी इथे हौशी लोकांच्या मंडळात येऊन बसलं. मंडईत त्याची भाजी जवळपास दिसत नाही. ज्याच्याकडे वर्गणीचे पैसे, थोडी जमीन आणि सवड आहे, त्याच्याच ताटात ते पोचतं.

आता आपल्याकडे बघा. २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, त्याचं ३९ वं कलम. शेतकरी आपल्या पिकाचं बी राखू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, देवघेव करू शकतो आणि विकूही शकतो. अगदी संरक्षित, म्हणजे ज्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नोंदलेला आहे अशा, वाणाचंसुद्धा. फक्त ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही. इतका स्पष्ट हक्क ब्रिटनच्या शेतकऱ्याला नाही. आमच्या गटात हे कुणाला ठाऊकच नव्हतं, चुलतभावालाही नाही. नव्या मसुद्यातही शेतकऱ्याचा हा हक्क आणि शेतकऱ्यांच्या वाणांना नोंदणीतून सूट, या गोष्टी आहेत. मग भांडण कशाचं? टीकाकारांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो: सूट एकेकट्या शेतकऱ्याला मिळेल, पण बी जपणाऱ्या गटांचं काय? अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घेवडा, वाल, भात, पालेभाज्यांचे वाण गोळा केले, बायफ या ग्रामविकासाचं काम करणाऱ्या संस्थेच्या मदतीने बियाणे बँक उभी राहिली, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं काम एकटीचं नाही, त्यामागे बचत गटाच्या बायका आहेत. अशा गटाने पाकिटावर स्वतःचं नाव छापून बी विकलं तर तो शेतकरी की व्यापारी? कायद्याने हे शब्दांत लिहून ठेवायला हवं. बोगस बियाण्याच्या कंपनीला कितीही दंड करा, माझी हरकत नाही. पण तोच चाचण्यांचा डोंगर बायकांच्या गटासमोर उभा केला, तर इथे जे झालं तेच तिथे होईल: वाण पुरस्काराच्या फोटोत उरेल आणि बाजारातून जाईल.

भौगोलिक मानांकनाने हे भागेल असं काही जण म्हणतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला, कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला ते मिळालं, चांगलंच झालं. मात्र मानांकन नावाचं रक्षण करतं, बी दरवर्षी कुणालातरी धरावंच लागतं.

मामेबहिणीशी माझं वेगळं भांडण आहे. ताई, शेतकऱ्याने जुने वाण लावावेत हे आपण नोकरदारांनी सांगायचं आणि कमी उतारा त्याने सोसायचा, हा कुठला न्याय? इथे मिडलंड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या भागात, ऑगस्ट ओला गेला की टोमॅटोवर करपा येतो आणि माझी जुनी रोपं आठवड्याभरात काळी पडतात. शेजारच्या वाफ्यातलं करपा सोसणारं नवं हायब्रीड त्याच पावसात फळत असतं. माझं काही बिघडत नाही, दुकानातून टोमॅटो आणते. ज्याच्या डोक्यावर पीककर्ज आहे, त्याचं बिघडतं. हायब्रीडला शिव्या देऊन जुनं बी वाचत नाही. आणि एकाच जातीवर विसंबण्याचा धोकाही खरा आहे. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरचा दुष्काळ याच करप्याच्या रोगाने आला, तेव्हा गरिबांच्या शेतात जवळपास लंपर ही एकच बटाट्याची जात होती. म्हणून शेतात दोन्ही हवीत. जुनी जपण्याचं ओझं मात्र ज्यांचं पोट त्या पिकावर नाही, त्यांनी आधी उचलावं.

लेस्टरमध्ये ते उचललेलं मी पाहते. १९७२ मध्ये युगांडातून हाकललेली गुजराती कुटुंबं इथे आली. त्यांच्यातले आजोबा-आजी अलॉटमेंटवर मेथी, दुधी, वालोर (म्हणजे आपला वाल) लावू लागले. कॅरिबियन मंडळी कॅलालू लावतात, तो आपल्या माठाचाच भाऊ. वालाची गंमत अशी, की दिवस लहान झाल्याशिवाय त्याला फूल येत नाही. रायगडात भात कापल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल पेरतात, थंडीत शेंगा धरतात, त्या मडक्यात भाजून पोपटी लागते. इथे फूल येईपर्यंत ऑक्टोबर उजाडतो आणि पहिल्या गोठलेल्या दहिवराने सगळं संपतं. आमच्या शेजारच्या प्लॉटवरचे काका वर्षानुवर्षं सगळ्यात आधी फुललेल्या वेलाचंच बी धरत आले. आता त्यांच्या प्लास्टिकच्या बोगद्यासारख्या मांडवात सप्टेंबरात शेंगा लागतात. गार्डन ऑरगॅनिकने ‘सोइंग न्यू सीड्स’ नावाचा प्रकल्प करून मिडलंड्समधल्या अशा स्थलांतरितांच्या भाज्यांचं बी आणि त्यांचं ज्ञान टिपून ठेवलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. परदेशातून आलेल्या म्हाताऱ्यांच्या वालाला या देशाने आपल्या वारशात जागा दिली.

इथल्या मराठी मंडळींना एक विनंती: सुटकेसमधून बी आणू नका. टोमॅटो-मिरचीचं बी रोगमुक्तीच्या प्रमाणपत्राशिवाय आणायला बंदी आहे आणि ती बंदी रास्त आहे, बियांबरोबर विषाणू येतात. अलॉटमेंटवरच्या काका-काकूंकडे मागा. ते नाही म्हणत नाहीत.

आणि गावाकडच्यांना माझी सूचना अशी. राज्यातल्या कितीतरी शाळांत पोषण आहारासाठी परसबागा आहेत. त्यांतला एखादा वाफा खाण्यासाठी न ठेवता बियांसाठी राखावा आणि त्यात त्याच तालुक्यातला वाण लावावा. अलिबाग-रोह्याकडे कडवा वाल, कोरेगावात वाघ्या घेवडा, खानदेशात भरिताचं वांगं. मुलांनी बी धरावं, राखेत घोळून डब्यात भरावं, डब्यावर गावाचं आणि सालाचं नाव लिहावं, आणि पेरणीच्या आधी गावात ज्याला हवं त्याला मूठभर द्यावं. पुण्या-मुंबईच्या गच्चीवरही एक कुंडी त्यासाठी निघेल. मसुद्यावर हरकत नोंदवताना बचत गटांचा आणि बियाणे बँकांचा उल्लेख कलमात नावानिशी असावा, असं मी लिहून पाठवलं आहे. चुलतभाऊही तेवढ्याला कबूल झाला.