शॉर्टकट बदलण्याबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. आमच्या एडिटरला दोन स्टार देताना तुम्ही कारणं नीट लिहिलीत. कीबोर्डचे शॉर्टकट बदलायला जेसन फाइल, म्हणजे सेटिंग्ज साध्या मजकुरात ठेवणारी फाइल, उघडावी लागते, तिच्यात एक स्वल्पविराम राहिला तरी सगळे बदल निकामी होतात आणि निवडलेली बटणं आधीच कुठे वापरात आहेत का, हे एडिटर सांगत नाही. मनगटाच्या दुखण्यामुळे तुम्ही बहुतेक काम एकाच हाताने करता, हेही तुम्ही लिहिलं आहे. ज्यांना तीन बटणं एकदम दाबता येत नाहीत त्यांचं काम इथे अडतं, म्हणून सविस्तर लिहितो.

पुढच्या आवृत्तीत शॉर्टकटसाठी वेगळी खिडकी येते आहे. कमांड शोधायची, हवी ती बटणं दाबायची, झालं. बटणं दाबून ती कोणत्या कमांडला लावली आहेत, हेही पाहता येईल. व्हीएस कोड या एडिटरमध्ये कंट्रोल-के, कंट्रोल-एस दाबल्यावर उघडणाऱ्या यादीत ही सोय आहे आणि ती आम्हाला मनापासून आवडते.

एकाच बटणावर दोन कामं आली की इशारा द्या, असं तुम्ही म्हणता. पण एन्टर एरवी नवी ओळ देतं आणि सूचनांची यादी उघडी असेल तेव्हा निवडलेली सूचना घेतं. कोणाची पाळी कधी, हे तिथे ठरलेलं असतं. अशा प्रत्येक ठिकाणी इशारा दिला तर लोक इशारे वाचणंच सोडून देतील. खरी पंचाईत होते ती जोडशॉर्टकटमध्ये. कंट्रोल-के दाबून मग दुसरं बटण दाबायचं असे शॉर्टकट असताना कोणी नुसत्या कंट्रोल-केला ओळ पुसायचं काम दिलं, तर एडिटरने लगेच पुसायचं की पुढच्या बटणाची वाट पाहायची? अशा वेळी नवी खिडकी तुम्हाला विचारेल आणि कोणते जोडशॉर्टकट बंद पडतील तेही दाखवेल.

कंट्रोल-ऑल्टवरही इशारा मिळेल. विंडोजमध्ये उजवीकडचं ऑल्ट-जीआर म्हणजे कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र. पोलिश लिहिणारा माणूस ऑल्ट-जीआर आणि ए दाबून शेपटीचा ए काढतो. कंट्रोल-ऑल्ट-एला कमांड लावली की त्याचं ते अक्षरच बंद. कीबोर्ड देवनागरीवर असताना शॉर्टकट चालत नाहीत, ही तुमची तक्रार याच जातीची आहे. त्या वेळी बटणातून रोमन अक्षर निघतच नाही. म्हणून आधी अक्षर बघायचं आणि ते रोमन नसेल तर बटणाची जागा बघायची, असं आम्ही ठरवलं आहे. फक्त जागा धरली असती तर जर्मन कीबोर्डवर, जिथे झेड आणि वाय यांची अदलाबदल असते, 'पूर्ववत करा' भलत्याच बटणावर गेलं असतं.

जेसन फाइल मात्र काढणार नाही. अनेक जण ती गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात, ठेवतात आणि नव्या मशीनवर तशीच उचलून नेतात. खिडकी त्याच फाइलमध्ये लिहील. एखादी ओळ चुकली तर तेवढीच बाजूला ठेवून बाकीचे शॉर्टकट चालू राहतील. ईमॅक्स या जुन्या एडिटरमध्ये कंट्रोल-सी आणि त्यानंतरचं एक अक्षर वापरणाऱ्यासाठी राखून ठेवण्याचा जुना संकेत आहे. तसाच एक पूर्ण गट आम्ही तुमच्यासाठी मोकळा सोडतो आहोत. कुठल्याही अपडेटमध्ये आम्ही त्याला हात लावणार नाही.

मूळचे शॉर्टकट सरसकट बदला, ही तुमची मागणी मला मान्य नाही. इतरांच्या बोटांना लागलेली सवय एका अपडेटने मोडणं अन्यायाचं होईल. त्याऐवजी तयार संच निवडता येतील, त्यात एक एका हातासाठी असेल. विंडोज-एल मात्र देता येणार नाही. ते ऑपरेटिंग सिस्टीमच पडदा कुलूपबंद करण्यासाठी घेते, आमच्यापर्यंत पोचतच नाही.

तोवर विंडोजवर शिफ्ट पाठोपाठ पाच वेळा दाबून स्टिकी कीज चालू करून पाहा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि अक्षर एकामागून एक दाबता येतात. तुम्ही कोणता हात वापरता आणि कोणते शॉर्टकट सर्वांत जास्त त्रास देतात, ते एडिटरच्या मदत मेनूतून कळवाल का? एका हाताच्या संचात आधी तेच घेऊ.