सेलोटेपवरचा सहस्रबुद्धे

आज सकाळी खाली उतरलो तर लेटरबॉक्सवरची माझ्या नावाची चिठ्ठी परत गायब. महिन्याभरात तिसऱ्यांदा. त्यामुळे हे तापल्या डोक्याने लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

बर्लिनमध्ये रूम कशी मिळाली ते पटकन उरकतो, कारण ती स्टोरी इथे आलेल्या प्रत्येकाची सेमच असते. ऐंशी-नव्वद मेसेज, सहा उत्तरं, त्यातली दोन 'मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरियरने येईल' वाल्या भामट्यांची. एका फ्लॅटवर चौघांनी ओळीने बसून इंटरव्ह्यू घेतला आणि तू प्राणी असतास तर कोणता असतास असं विचारलं. मी म्हैस म्हणालो. नाही जमलं. शेवटी नॉयकोल्नमध्ये मागच्या इमारतीत चौथा मजला, लिफ्ट नाही, बारा स्क्वेअर मीटर, पोटभाडेकरू.

तर इथे फ्लॅटला नंबरच नसतो हो. आपल्याकडे कसं, बी विंग, तिसरा मजला, शू रॅकच्या समोरचं दार. इथे रस्ता, बिल्डिंगचा नंबर, संपला पत्ता. पोस्टमन लेटरबॉक्सवरची आडनावं वाचतो, तुमचं दिसलं नाही की पत्र परत. आणि या देशात सगळं पत्रानेच येतं! बँकेचं कार्ड एका पत्राने, त्याचा पिन दुसऱ्या, टॅक्स नंबर तिसऱ्या. व्हिसासाठी ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवून आलोय, त्यातले महिन्याला ९९२ हातात यायचे, ते ज्या कार्डाने काढायचे ते कार्ड 'असा इसम इथे राहत नाही' म्हणून दोनदा परत गेलं. बाबांनी एफडी मोडलेले पैसे आणि मी मित्राकडून उसने घेऊन पास्ता खातोय.

आमच्या बॉक्सवर दोन नावं आहेत. एक मूळ भाडेकरूचं, तो सहा महिने लिस्बनला गेलाय आणि कशाचंही टेन्शन घेत नाही. दुसऱ्या माणसाला बिल्डिंगमध्ये कोणी पाहिलेलंच नाही. पण त्याची पाटी आहे, त्यामुळे त्याची पत्रं बिनबोभाट येतात. मी भाडं भरतो, जिना झाडतो, आणि मी नाही.

म्हणून चिठ्ठी लावली. पहिली गेली, वाऱ्याने असेल म्हटलं. दुसरी लावत होतो तेव्हा मागे खोकल्याचा आवाज आला. तळमजल्यावरचे आजोबा, हातात स्क्रूड्रायव्हर.

"हे आइनहाइटलिश नाही."

माझं जर्मन ब्रेड-दूध-तिकिटापुरतं. फोन काढला, शब्द टाकला, आलं 'एकसारखं'. आजोबा शांतपणे थांबले, मग पुढचं वाक्य बोलले, मी परत फोन काढला. अशी चाळीसेक मिनिटं. इतर सगळ्या पाट्या पितळी, अक्षरं कोरलेली. माझी कागदी. अक्षरं हिरवी. सेलोटेपचा चिकटा राहतो. आणि ती तिरकी आहे. मी म्हटलं तिरकी नाहीये. ते आत गेले आणि पाणसळ घेऊन आले. हो, गवंड्याची असते ती! माझ्या नावाखाली धरली. बुडबुडा डावीकडे. दोघांनीही बघितला. मला काही बोलता येईना.

मग नाव वाचायला लागले. तेरा अक्षरं आहेत रोमनमध्ये, मान्य. "झाहास... झाहासरा... बूडे?" आणि एकदम हसले. बूडे म्हणजे जर्मनमध्ये टपरी, विद्यार्थ्याच्या खोलीलाही गमतीने म्हणतात म्हणे. तेव्हापासून मी हेर बूडे. मिस्टर टपरी. मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की आडनावाचा अर्थ हजार माणसांची बुद्धी असा आहे, तर ते पाणसळीकडे बघत राहिले.

नियम असा की पितळी पाटी सोसायटीचं मॅनेजमेंट बनवणार, अर्ज मूळ भाडेकरूने करायचा, तो लिस्बनला. "मग तोपर्यंत माझी पत्रं?" "तोपर्यंत पाटी नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा इतका समाधानी होता, की मला सदाशिव पेठेतले आमच्या खालचे काका आठवले. ज्या गावात 'बेल एकदाच वाजवा' लिहिण्यात लोकांची हयात गेली, तिथला मुलगा मी, आणि माझीच पाटी उतरवली जाते! बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, बरोबरच आहे त्यांचं, सेलोटेप कोण लावतं.

हसायला ठीक आहे, पण खरं सांगू का, भाडं घेताना माझं नाव कोणाला तिरकं दिसत नाही. डिपॉझिट घेतानाही दिसलं नव्हतं.

असो. दुपारी बेल वाजली. कुरियरवाला. इथे शेजारी घरी नसला की पार्सल दुसऱ्याकडे देतात, आणि चौथ्या मजल्यावरचा बेकार विद्यार्थी दिवसा घरी असतो हे त्याला बरोबर माहितीये, त्याला पाटी लागत नाही. खोका बराच जड आहे. तळमजल्यावरच्या आजोबांचा.

तुमचं पार्सल माझ्याकडे आहे अशी चिठ्ठी आता त्यांच्या दारावर लावायला चाललोय. हिरवं पेन घेतलंय. सेलोटेपही.